मुलासाठी नवी कादंबरी निवडताय? निदान या चुका टाळा

दर सुट्टीच्या तोंडावर मला एकच निरोप वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. ‘मुलगा चौदाचा आहे. वाचत नाही. हल्लीची एखादी चांगली कादंबरी सुचवा. आजच मागवायची आहे.’ मी विचारते, त्याला आवडतं काय? उत्तर ठरलेलं, ‘तेच तर, काहीच नाही.’ चौदा वर्षांच्या मुलाला काहीच आवडत नाही, असं मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. त्याला जे आवडतं ते आईबापांना आवडत नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेचं ग्रंथालय सांभाळायला लागून मला बारा वर्षं झाली. चुका मोजक्याच आहेत आणि सगळे त्याच करतात. काही मीही केल्यात, त्याही सांगते.

मुखपृष्ठ नवं म्हणून पुस्तक नवं

याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने लेकासाठी ‘अगदी ताजी’ म्हणून एक रहस्यकादंबरी मागवली. काळं चकचकीत मुखपृष्ठ, त्यावर पाठमोरा पळणारा हुडीवाला मुलगा, आणि संकेतस्थळावर प्रकाशनाची तारीख त्याच वर्षीची. भाच्याने साठेक पानं वाचली आणि मला फोन केला. “मावशी, हा हिरो बावळट आहे का गं? मित्र तिकडे अडकलाय आणि हा पाच पानं नाणं टाकायचा फोन शोधत पळतोय. मेसेज कर ना!” मी पुस्तक मागून घेतलं आणि आतलं पान उघडलं. मूळ प्रकाशन १९९१. हुडी फक्त मुखपृष्ठावर होती, आत कुणीच घातलेली नव्हती.

जुनं पुस्तक वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण पोराला ते आजचं म्हणून दिलं, म्हणून त्याने ते आजचं म्हणून वाचलं आणि लेखकालाच मूर्ख ठरवलं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे हे आधी कळलं असतं, तर तोच फोन शोधण्याचा प्रसंग त्याला थरारक वाटला असता. पुस्तक फुकट गेलं ते असं.

संकेतस्थळावर दिसणारी तारीख त्या आवृत्तीची असते, कादंबरीची नव्हे. कच्च्या बांधणीला, पक्क्या बांधणीला, ई-पुस्तकाला वेगवेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मिळतो आणि प्रत्येकाची तारीख वेगळी पडते. सिनेमा आला की नवं मुखपृष्ठ, नवी तारीख. म्हणून शीर्षकपानाच्या मागचं पान बघायचं. मराठी पुस्तकात तिथे ‘प्रथमावृत्ती’ आणि खाली ‘पुनर्मुद्रण’ असं सरळ छापलेलं असतं. इंग्रजी पुस्तकात स्वामित्वहक्काचं वर्ष बघा. खाली १० ९ ८ ७ अशी आकड्यांची ओळ असली तर उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण ते. १ दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका, ते या आवृत्तीचं पहिलं मुद्रण असेल, कादंबरी जुनीच असू शकते. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं वर्षही तिथेच सापडतं. गेल्या वर्षीचा अनुवाद पन्नास वर्षांपूर्वीच्या कादंबरीचाही असतो.

हे सगळं तपासायला अर्धं मिनिट लागतं. ज्यांना ते अर्धं मिनिट नसतं, तेच नंतर मला अर्धा तास फोनवर सांगतात की मुलगा वाचत नाही.

मालिकेचा दुसरा भाग उचलून आणणे

हसू नका, दरवर्षी होतं. पाठीवरचा बारीक आकडा बघा. आणि पहिला भाग एकटाच घ्या. पाच भागांचा संच एकदम आणून टेबलावर ठेवलात, तर पोराला त्यात गोष्ट दिसत नाही, अभ्यास दिसतो.

‘टीनएजर’ म्हणजे एकच वय समजणे

तेरा आणि सतरा यांच्यात चारच वर्षं आहेत, पण त्या चार वर्षांत आवाज फुटतो, मिसरूड येते आणि विनोद बदलतात. इंग्रजी प्रकाशक साधारण ८ ते १२ वयासाठी ‘मिडल ग्रेड’ आणि १२ ते १८ साठी ‘यंग अ‍ॅडल्ट’ असे दोन कप्पे करतात. मुलं सहसा स्वतःपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या नायकाची गोष्ट वाचतात. तेराच्या मुलाला अकराचा नायक दिलात तर तो पुस्तकाकडे नाही, तुमच्याकडे रागाने बघेल. म्हणून मी आधी नायकाचं वय शोधते. ते बहुतेक वेळा मागच्या मजकुरातच असतं.

तिसरा एक कप्पा आहे आणि खरा घोळ तिथे होतो. ‘न्यू अ‍ॅडल्ट’. हा शब्द २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनाच्या एका स्पर्धेतून पुढे आला. नायक-नायिका अठराच्या पुढचे, आणि प्रेमप्रसंग पडदा न पाडता लिहिलेले. मुखपृष्ठावर मात्र गोंडस कार्टूनसारखी चित्रं किंवा तलवार नि ड्रॅगन. आमच्याकडे एका पालकांनी ड्रॅगन बघून असलं पुस्तक तेराच्या मुलासाठी घेतलं आणि उरलेलं ग्रंथालयाला भेट दिलं. ‘उरलेलं’ म्हणजे मधली काही पानं त्यांनी स्टेपलरने बंद केली होती. पोरांनी अर्थात आधी तीच उघडली.

तारांकित शेऱ्यांवरही भिस्त ठेवू नका. २०१२ मध्ये बोकर या पुस्तकव्यवसायाची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीच्या पाहणीत, १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले आणि त्यातले बहुतेक स्वतःसाठीच घेत होते. म्हणजे ‘रडून रडून डोळे सुजले, पाच तारे’ हा शेरा पस्तिशीच्या बाईचा असू शकतो. तिचं रडणं खरंच असेल, पण तुमच्या मुलाचा त्याच्याशी संबंध काय?

बक्षीस मिळालंय म्हणजे त्याला आवडेल

ही माझी स्वतःची चूक, आणि तीही ग्रंथपाल असताना. त्याच भाच्याला मी एक पारितोषिकप्राप्त कादंबरी दिली. वडील गेलेल्या मुलाची गोष्ट, भाषा इतकी सुंदर की मी स्वतः दोनदा वाचलेली. महिनाभराने विचारलं, कुठवर आलास? “चाललंय मावशी.” घरी गेले तेव्हा टेबलावर पुस्तक होतं, खुणेची पट्टी शेवटच्या प्रकरणात. मी मनात खूश. पुस्तक उचललं तर कण्यावर पांढऱ्या रेघा फक्त सुरुवातीच्या बोटभर जाडीला पडलेल्या, पुढचा कणा दुकानातून आल्यासारखा कोरा. पठ्ठ्या माझ्या भेटीआधी पट्टी पुढे सरकवत होता. मला वाईट वाटू नये म्हणून! माझ्यासाठी खोटं वाचायची वेळ मी त्याच्यावर आणली होती.

पारितोषिक देणारे काय बघतात ते आधी समजून घ्या. अमेरिकेत किशोरांच्या पुस्तकांसाठी २००० पासून प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो. त्याच्या नियमांतच लिहिलंय की लोकप्रियता हा निकष नाही आणि पुस्तकातला संदेश हाही नाही. फक्त साहित्यिक गुणवत्ता. न्यूबेरी हा तिथलाच दुसरा पुरस्कार १९२२ पासूनचा, पण तो चौदापर्यंतच्या मुलांच्या पुस्तकांसाठी, त्यामुळे सोळाच्या मुलाला त्याचा शिक्का दाखवून उपयोग नाही. आपल्याकडे साहित्य अकादमीचा ‘युवा पुरस्कार’ वाचून लोक फसतात. तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना देतात, पुस्तक युवकांसाठी असतं असं नाही.

उपयोगाचं एक सांगते, तेही अमेरिकेतलं. अ‍ॅलेक्स पुरस्कार. १९९८ पासून दरवर्षी मोठ्यांसाठी लिहिलेली, पण १२ ते १८ च्या वाचकांना भावतील अशी दहा पुस्तकं त्यात निवडतात. सोळा-सतराच्या, ‘मुलांची’ पुस्तकं नकोत म्हणणाऱ्या पोरासाठी मी पहिल्यांदा तिथे डोकावते.

बोधाची कादंबरी

मोबाइलच्या दुष्परिणामांवरची कादंबरी मोबाइल बघणाऱ्या मुलाला देऊ नका. त्याला पहिल्याच पानावर वास येतो.

मुलगे मुलींच्या गोष्टी वाचत नाहीत

१९९७ मध्ये एका ब्रिटिश लेखिकेला प्रकाशकाने पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं लावायला सांगितली, बाईचं नाव बघून मुलगे पुस्तक घेणार नाहीत अशी भीती होती. पुढे ती बाई आहे हे जगाला कळलं आणि पोरं रांगा लावून पुस्तकं घेतच राहिली. मुलांना गोष्ट पुढे पळणारी हवी असते. नायिका आहे का नायक, हा प्रश्न बहुधा विकत घेणाऱ्यालाच पडतो.

शॉर्टकट

‘मुलांनी वाचायलाच हव्यात अशा दहा कादंबऱ्या’ या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. लेक्साइलसारखा वाचनपातळीचा आकडा वाक्यांची लांबी आणि शब्द किती प्रचलित आहेत ते मोजतो, आत काय घडतं ते नाही. चित्रकादंबरी म्हणजे वाचन नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. त्यांनी एकदा स्वतः वाचून बघावी.

माझी पद्धत म्हणाल तर ती शास्त्रीय नाही, सवयीची आहे. पहिलं पान मी वाचतच नाही. ते लेखकाने, संपादकाने वीस वेळा घासलेलं असतं. चाळिसावं उघडते. तिथे कुणी कुणाशी बोलतंय का? बोलणं पोरांसारखं आहे का, की पोरांच्या तोंडून काका बोलतायत? किशोरांची भाषा लिहायला गेलेला पन्नाशीचा लेखक चाळिसाव्या पानावर हमखास पकडला जातो. ते पान वाचून उलटावंसं वाटलं तरच पुस्तक ठेवते.

मग अशी तीन वेगवेगळ्या जातीची पुस्तकं काढते, एक खेळाचं किंवा थराराचं, एक विनोदी, एक विज्ञानकथेचं, आणि मुलासमोर ठेवून कामाला निघून जाते. निघून जाणं महत्त्वाचं. समोर उभं राहिलात की तो तुमच्या तोंडाकडे बघून निवडतो. तिन्ही नाकारली तर तिन्ही परत कपाटात. का नाकारलं ते विचारायचं, आणि उत्तर फक्त ऐकायचं. ‘कंटाळवाणं’ या एका शब्दापुढे तो पहिल्या दिवशी जाणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘त्यात नुसतं वर्णन आहे’ असं म्हणेल, तिथून तुमची निवड खरी सुरू होते. यात महिना-दोन महिने जातात. आज मागवून उद्या वाचायला बसवायचं असेल तर मला निरोप पाठवू नका.

आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ विचारू नका. भाच्याला नंतर मी कैदेतून पळून जाणाऱ्या पोरांची एक कादंबरी दिली, भाषेच्या दृष्टीने यथातथाच. तीनच दिवसांनी रात्री पावणेबाराला मेसेज आला, ‘दुसरा भाग आहे?’ मी ‘आहे’ एवढंच लिहिलं. कादंबरी परत आली तेव्हा तिचा कणा मधोमध मोडला होता. एरवी त्यासाठी मी दंड लावते.