स्क्रॅबलमध्ये ‘मी’ चालतो, ‘तू’ चालत नाही

आमच्या घरात सगळ्यात फर्डं इंग्रजी माझ्या धाकट्या जावेचं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी कादंबऱ्या उशाशी घेऊन झोपणारी. मी मराठी शाळेतली, पाचवीत एबीसीडी गिरवलेली, पुढे सगळी नोकरी पोस्टात. तरी स्क्रॅबलला (पटावर अक्षरांच्या टाइल्स लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) बसलो की बहुतेक वेळा मीच जिंकते. तिला मोठमोठे शब्द येतात आणि मला छोटे, एवढाच फरक आहे. दोन अक्षरांचे छोटे.

हे शब्द किती? भारतात आणि इंग्लंडात स्पर्धांना कॉलिन्स शब्दकोशाची मान्य शब्दांची यादी चालते, तिच्यात दोनअक्षरी शब्द सव्वाशेच्या थोडे वर आहेत. अमेरिका-कॅनडाची यादी वेगळी, तिच्यात साधारण वीसेक कमी. फोनवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये कुठला शब्दकोश लावलाय ते आधी बघा, नाहीतर पाठांतर एका यादीचं आणि परीक्षा दुसरीची. मी इथे कॉलिन्सचंच सांगतेय. अक्षरं सुटी, एबीसीडी म्हणतो तशी लिहिते.

आधी हे शब्द कमाई कशी करतात ते बघा, म्हणजे पाठ करायला जोर येईल. समजा पटावर आडवं ‘शॉप’ लागलंय: एस-एच-ओ-पी. त्यातल्या ‘ओ’च्या बरोबर खाली तिप्पट-अक्षराचं घर रिकामं आहे. तुमच्याकडे एक्स आणि आय आहेत. एक्स ‘ओ’खाली ठेवा, आय ‘पी’खाली. आडवा शब्द झाला एक्स-आय, हे एक ग्रीक अक्षर. उभे झाले ओ-एक्स आणि पी-आय. आता गुण मोजा. एक्सचे ८, तिप्पट घरामुळे २४. एक्स-आयचे २५, ओ-एक्सचे परत २५ (एक्स दोन्हीकडे मोजला जातो, गंमत तीच आहे), पी-आयचे ४. एकूण ५४. रॅकवरच्या (आपली अक्षरं ठेवायची पट्टी) सातही टाइल्स एकदम लावल्यावर मिळतो तो बोनससुद्धा ५० चाच असतो! जाऊबाई अशा वेळी तो एक्स जपून ठेवते, पुढे एखादा भारदस्त शब्द होईल म्हणून. होतो कधी कधी. तोवर ते घर मी घेतलेलं असतं.

म्हणजे दोनअक्षरी शब्द नुसता लावण्यासाठी नसतो. पटावरच्या शब्दाला खेटून समांतर शब्द लावायचा, तर प्रत्येक जोड खरा शब्द असावा लागतो, आणि ते जोड हेच दोनअक्षरी.

आता पाठांतर. ए-ए, ए-बी, ए-डी असं वर्णानुक्रमाने अजिबात करू नका. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि ‘ए’ सोडून काही लक्षात राहत नाही.

पहिल्यांदा महागड्या टाइल्सचे अकरा शब्द: जे-ए, जे-ओ, क्यू-आय, ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू, झेड-ए, झेड-ई, झेड-ओ. जे आणि एक्स ८-८ गुणांचे, क्यू आणि झेड १०-१० चे, आणि चारही टाइल्स पिशवीत एकेकच. बाकी काही जमलं नाही तरी हे अकरा एका संध्याकाळी करा. क्यू-आय तर सोन्याचा, कारण क्यू हातात आला की लोक यू शोधत बसतात. पुढे एस लावून क्यू-आय-एससुद्धा चालतो.

यानंतरचा भाग मराठी माणसासाठी फुकटात आहे, आणि कुठल्याही इंग्रजी पुस्तकात तो सापडणार नाही. आपली सर्वनामं म्हणा. मी चालतो (एम-आय). तो, ती, ते तिन्ही चालतात: टी-ओ, टी-आय, टी-ई. हा, ही, हे तिन्ही चालतात: एच-ए, एच-आय, एच-ई. जो चालतो, पण जी आणि जे नाहीत. आणि तू नाही. टी-यू लावून मोकळे होणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांना लगेच चॅलेंज करायचं, म्हणजे शब्द यादीत आहे का ते तपासायला लावायचं.

मग आज्ञार्थ. ये, जा, दे, ने, हो, पी. सगळे चालतात: वाय-ई, जे-ए, डी-ई, एन-ई, एच-ओ, पी-आय. प्रश्नार्थक आणि लाडाची शेपटंही घ्या: का, की, ना, रे, बा. हेही सगळे चालतात. पण गं चालत नाही. जी-ए असा शब्दच नाही. रे चालतो आणि गं चालत नाही, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आणि आईसुद्धा चालते, ए-आय. तिकडे तो तीन बोटांचा, झाडाला लटकणारा स्लॉथ नावाचा आळशी प्राणी आहे, हे मात्र आईंना सांगू नका.

शाळेत घोकलेले विभक्तीचे प्रत्यय आठवतात ना? ला, ना, ते, ने चालतात. ‘नी’ चालत नाही. या एका गोष्टीवर माझे अनेक डाव सुटलेत, कारण एन आणि आय दोन्ही टाइल्स भरपूर असतात (आय ९, एन ६) आणि लोकांचा हात तिकडे आपोआप जातो.

असे हसत खेळत वीसएक शब्द झाले.

तिसरा गठ्ठा नुसत्या स्वरांचा. १०० टाइल्सपैकी ४२ स्वर आहेत, त्यामुळे कधीतरी रॅकवर आय-आय-ए-ओ-ई-यू अशी रडारड जमणारच. तेव्हा दोन स्वर एकदम काढून टाकायला हे दहा: ए-ए, ए-ई, ए-आय, ई-ए, ई-ई, आय-ओ, ओ-ई, ओ-आय, ओ-ओ, ओ-यू. उलट बाजूला, स्वरच नसलेले: एच-एम, एम-एम, एस-एच, एस-टी, सी-एच, एन-जी. आपण हं, म्म, श्श करतो तेच यातले पहिले तीन. एस-टी म्हटल्यावर लाल डबा आठवतो, तो आठवू दे, लक्षात राहतो.

उरलेले उद्गार आणि रोजचे शब्द (ए-एच, ओ-एच, यू-एच, इन, ऑन, अप) वेगळे पाठ करावे लागत नाहीत. सा-रे-ग-म सारखे पाश्चात्त्य सूर डो, रे, मी, फा, सो, ला, टी सगळे चालतात, म्हणजे पेटीवर इंग्रजी धून वाजवलेल्यांना आणखी दोन-तीन फुकट.

‘पण अर्थ माहीत नसताना कसं लक्षात ठेवायचं?’ हे माझी सून विचारते. मी पोस्टात सॉर्टिंगला होते तेव्हा शेकडो पिनकोड तोंडपाठ होते. मिरज ४१६४१०, सांगली ४१६४१६. त्यातल्या निम्म्याअधिक गावांना माझे पाय कधी लागले नाहीत, पण पत्रं बरोबर पोचायची. तसंच हे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दकोश पाठ केला आणि गेला. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही विजेतेपद घेतलं. तेव्हा अर्थाची काळजी सोडा. तरी दोन-चार सांगून ठेवते, कारण समोरचा विचारतोच: क्यू-आय म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती, झेड-ए म्हणजे पिझ्झाचं लाडाचं नाव, एक्स-यू हे व्हिएतनामचं जुनं नाणं, आणि झेड-ओ हा याक आणि गाय यांच्या संकरातून झालेला प्राणी. लडाखला जाऊन आलेल्यांनी झो पाहिलाच असेल.

काय चालत नाही तेही पाठ करा, हे फार कमी लोक करतात. व्ही असलेला एकही दोनअक्षरी शब्द नाही. एकही नाही. सी चा फक्त एक, सी-एच. याचा उपयोग बचावाला होतो. पुढे असाल आणि पट उघडा नको असेल, तर व्ही आणि सी असलेला शब्द मोक्याच्या घराशेजारी लावा. त्या अक्षरांना खेटून समांतर शब्द लावायला समोरच्याला जागाच उरत नाही. माझी मुलगी लीड्सहून फोनवर माझ्याशी खेळते, ती याला ‘आईची भिंत’ म्हणते.

दोनअक्षरी पक्के झाले की पुढे-मागे एक अक्षर चिकटवायला शिका. खरी कमाई तिथून वाढते, कारण पटावर आधीच असलेल्या शब्दाला टोक लावून तुमचा नवा शब्द आडवा सुरू होतो. रे घ्या. आर-ई च्या आधी पाचही स्वर चालतात: ए, ई, आय, ओ, यू. जो च्या नंतर बी, ई, जी, टी, वाय. ए-एक्सच्या आधी एफ, एल, एम, एस, टी, डब्ल्यू. एम-यू च्या आधी ई लावला की एमू पक्षी. मी जुन्या लग्नपत्रिका पोस्टकार्डाएवढ्या कापते. मधोमध दोनअक्षरी शब्द, डावीकडे आधी लागणारी अक्षरं, उजवीकडे नंतर लागणारी. रोज दुधाचं पातेलं गॅसवर असताना पाच पत्ते. ओट्यापासून हलता येत नाही आणि दुसरं काही करताही येत नाही, त्यामुळे ही वेळ उत्तम. डाव्या-उजव्या बाजूंवर बोट ठेवून शब्द मोठ्याने म्हणायचा, मग बोट उचलून तपासायचं. चुकलेला पत्ता गठ्ठ्यात वर, बरोबर आलेला तळाला.

आणि पत्ते करतानाच एखाद्या नवशिक्याशी खेळायला लागा. पाठ झालेला शब्द पटावर एकदा लावला, त्यावर वाद झाला, शब्दकोश उघडला गेला, की तो परत विसरत नाही. मात्र घरी बसताना नियम आधी ठरवून घ्या: कुठली यादी, चॅलेंज चुकलं तर काय दंड, आणि डाव चालू असताना फोनवर बघायचं की नाही. आमच्याकडे चॅलेंज चुकलं तर पाच गुण कापतात आणि पुढचा चहा त्यानेच करायचा.

तीनअक्षरीत कधी शिराल तेव्हा पुन्हा विभक्तीकडेच या: सी-एच-ए, सी-एच-आय, सी-एच-ई. चा, ची, चे, षष्ठी. तिन्ही चालतात.