शालेय अभ्यासक्रमातल्या सागरी विज्ञानाच्या उणिवा कशा शोधाव्यात

अभ्यासक्रमात समुद्र किती वेळा येतो हे मोजून उणीव सापडत नाही. पुस्तकात काय छापले आहे, वर्गात त्यातले काय शिकवले गेले आणि मुलांना काय कळले, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की ती दिसते. अख्खा विषयच गाळलेला असतो असे क्वचित होते. भरती-ओहोटी पुस्तकात असते, प्रवाळ असतात, प्रदूषणही असते. गाळलेली असतात ती कारणे. म्हणून सगळी तपासणी कारणांभोवती बेतावी.

तुलनेसाठी चौकट

कशाशी ताडून पाहायचे हे आधी ठरवा. ‘सागरी साक्षरते’ची, म्हणजे समुद्राबद्दल प्रत्येकाला काय कळायला हवे हे सांगणारी ७ तत्त्वे ही सोयीची सुरुवात आहे. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी ती २००५ मध्ये मांडली आणि आज जगभर वापरली जातात. त्यांच्याखाली ४५ संकल्पना आहेत. त्यांची इयत्तांनुसार विभागणीही झाली आहे: बालवर्ग ते दुसरी, तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी. हे चार गट तक्त्याचे स्तंभ करा आणि संकल्पना ओळींत लिहा.

ही चौकट महासागरासाठी चांगली आहे, पण किनाऱ्याच्या बाबतीत तोकडी पडते. म्हणून आठ-दहा ओळी स्वतः जोडा: नदीमुखात गोड्या-खाऱ्या पाण्याचे मिसळणे, वाळूची आवक-जावक आणि किनाऱ्याची धूप, वाळूच्या टेकड्या, खारफुटी, समुद्री गवत, भूजलात खारे पाणी शिरणे, वादळी उधाण, त्सुनामी, माशांचा विणीचा काळ. ज्या प्रदेशासाठी तपासणी आहे तिथे जे आढळतच नाही ते वगळा, पण का वगळले ते नोंदवा.

पुस्तके वाचणे

फक्त विज्ञानाचे पुस्तक घेऊ नका. भूगोल, परिसर अभ्यास, भाषा, शिक्षक-हस्तपुस्तिका, प्रयोगशाळेतल्या साहित्याची यादी आणि निदान तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका हव्यात.

शब्दशोधावर भिस्त ठेवली तर फसगत होते. मराठी पुस्तकात ‘किनारा’ शोधला तर ‘किनाऱ्यावर’ सापडत नाही आणि ‘खाडी’ शोधली तर ‘खाड्या’ निसटतात. ‘भरती’ शोधली की नोकरभरतीही हाती लागते. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये तर शोध चालतच नाही आणि निकाल शून्य आला की तो विषयच नाही असे वाटते. शब्दशोधाने पाने हुडकावीत, नंतर ती पूर्ण वाचावीत. चित्रे, चौकटी आणि स्वाध्याय सोडू नका. चुकीच्या समजुती बऱ्याचदा चित्रांतूनच पसरतात.

तक्त्याच्या प्रत्येक घरात संकल्पना किती खोलवर मांडली आहे त्याचा अंक लिहा:
० – काहीच नाही
१ – नुसता उल्लेख
२ – व्याख्या किंवा वर्णन
३ – कारण स्पष्ट केले आहे
४ – विद्यार्थी स्वतः मोजतो, ताडतो किंवा भाकीत करतो

उदाहरणार्थ, ‘चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते’ एवढेच वाक्य असेल तर त्याला ३ देण्याचा मोह होईल, पण २ च द्या. त्या वाक्याने चंद्राच्या बाजूचा एकच फुगवटा समजतो. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण दिवसातून दोनदा भरती का येते, हे त्यातून कळत नाही. चंद्राकडच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे कमी, आणि या फरकामुळे दोन्हीकडे फुगवटा येतो, इतके सांगितले असेल तर ३. भरतीचे वेळापत्रक देऊन उद्याची वेळ काढायला लावली असेल तर ४.

दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता अंक द्यावेत. किती घरांत एकमत झाले याची नुसती टक्केवारी इथे दिशाभूल करते. बहुतेक घरे शून्य असली की एकमत आपोआपच ९० टक्क्यांच्या पुढे जाते. योगायोगाने होणारे एकमत वजा करणारा ‘कोहेनचा काप्पा’ काढा. तो (१ म्हणजे पूर्ण एकमत) ०.६ च्या खाली आला तर दोष माणसांपेक्षा नियमांत असतो, विशेषतः २ आणि ३ मधल्या सीमेत. नियम नमुन्यासह पुन्हा लिहा आणि अंक नव्याने द्या.

क्रम तपासणे

हा भाग सर्रास राहून जातो, कारण दोन्ही घटक आपापल्या जागी नीट शिकवलेले दिसतात. प्रत्येक संकल्पनेपुढे तिच्या आधी काय यायला हवे ते लिहा. खोल समुद्रातले अभिसरण समजायला घनता यावी लागते, कारण थंड आणि जास्त खारे पाणी जड होऊन खाली जाते. भूगोलात प्रवाह सहावीत आणि विज्ञानात घनता आठवीत असेल, तर मुले प्रवाहांची नावे पाठ करतात आणि विषय तिथेच संपतो. आम्लीकरणाचे, म्हणजे समुद्राचे पाणी आम्लतेकडे सरकण्याचेही तसेच आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) औद्योगिक क्रांतीपासून सुमारे ०.१ ने उतरला आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पीएचचे माप लॉगॅरिदमचे (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्यामुळे हायड्रोजन आयनांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढले असा त्याचा अर्थ. ही मोजपट्टी न शिकवता आम्लीकरण शिकवले तर ‘समुद्र आम्ल झाला’ असे मुले लिहितात. पीएच अजून ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी बाजूलाच आहे.

वर्गात काय घडते

‘तुम्ही भरती-ओहोटी शिकवता का?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा: मागच्या वर्षी किती तासिका दिल्या? कोणती कृती करून घेतली? मुलांच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड गेले? पाठ पुस्तकात कितवा आहे तेही पाहा. शेवटचे पाठ वर्षअखेरीच्या घाईत उरकले जातात. प्रत्येक वर्गातल्या पाच-सहा वह्या चाळल्या तर मुलाखतींपेक्षा जास्त कळते. या सगळ्यात शिक्षकांची परीक्षा नाही, हे आरंभीच सांगा आणि अहवालातही पाळा. शिक्षकाला वेळ, साहित्य किंवा प्रशिक्षण मिळालेले नसेल तर उणीव तीच आहे.

साहित्य प्रत्यक्ष उघडून पाहा. यादीत पीएच कागद असतो, पण त्यावर ०.१ चा फरक दिसत नाही. म्हणजे आम्लीकरणाच्या मोजमापासाठी साहित्य नाहीच. उलट क्षारतेच्या प्रयोगाला फारसे काही लागत नाही. ३५ ग्रॅम मीठ ९६५ ग्रॅम पाण्यात विरघळवले की समुद्राच्या सरासरी क्षारतेचे पाणी तयार होते आणि ते रंगवून गोड्या पाण्याखाली सावकाश सोडले की थर दिसतात. किनाऱ्यापासून दूरच्या शाळेतही हे जमते. तिथे हा प्रयोग होत नसेल तर अडचण अंतराची मानू नका.

मुलांना काय कळले

दोन टप्प्यांचे दहा-बारा प्रश्न पुरेत: आधी उत्तर, मग त्याचे कारण, दोन्हींना चार-चार पर्याय. एका टप्प्यात अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते, दोन्ही जुळून येण्याची जेमतेम ६. नमुन्यादाखल:

आज दुपारी १२ वाजता भरती होती, तर उद्या दुपारची भरती साधारण किती वाजता? (सुमारे १२.५०, पृथ्वी फिरते तोवर चंद्रही पुढे सरकतो.)

समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी किती वाढेल? (जवळजवळ नाहीच, जमिनीवरचा बर्फ वितळल्याने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने वाढते.)

समुद्रातले वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म जीव) नाहीसे झाले तर काही आठवड्यांत आपला श्वास कोंडेल का? (नाही. जगातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या ऑक्सिजनपैकी सुमारे निम्मा समुद्रात तयार होतो, पण जवळपास सगळा तिथल्याच सजीवांच्या श्वसनात आणि कुजण्यात खर्च होतो. हवेतला साठा फार जुना आणि प्रचंड आहे. खरे संकट अन्नसाखळीचे.)

चुकीचे पर्याय स्वतः रचू नका. आठ-दहा मुलांना आधी तोच प्रश्न मोकळा विचारा आणि त्यांच्याच शब्दांतून पर्याय घ्या. पेपरवर नाव आणि गुण नकोत. निकालात ‘उत्तर बरोबर, कारण चूक’ हा गट सर्वांत आधी पाहा, कारण परीक्षेत हीच मुले पूर्ण गुण मिळवून पुढे जातात.

उणीव कशी लिहावी

‘सागरी शिक्षण अपुरे आहे’ असे लिहून कुणालाही काही करता येत नाही. असे लिहा: ‘सहावी ते आठवीत भरतीची व्याख्या आहे (२), दोन भरतींचे कारण नाही; प्रश्नपत्रिकेत फक्त व्याख्या विचारतात; दोन टप्प्यांच्या चाचणीत बहुतेकांनी एकाच फुगवट्याचा पर्याय निवडला.’ इयत्ता, पान, पुरावा आणि उणिवेचा प्रकार या चार गोष्टी प्रत्येक नोंदीत हव्यात. प्रकार म्हणजे विषय नाही, खोली नाही, क्रम चुकला, मजकूर चुकीचा आहे, परीक्षेत येत नाही किंवा साहित्य नाही. उपाय प्रकारावर ठरतो. क्रम चुकला असेल तर नवा पाठ लिहून काही साधत नाही, पाठांची अदलाबदल पुरते.

प्राधान्य ठरवताना जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी थेट वर घ्या, मग तक्त्यातला अंक काहीही असो. समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध न झगडता तरंगत राहणे किंवा किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडणे, जोराचा भूकंप जाणवला किंवा पाणी अचानक मागे हटले तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जाणे, या गोष्टी पाठ्यपुस्तकात नसतील तर पहिली नोंद त्यांचीच. त्यानंतर ज्यांच्यावर इतर अनेक संकल्पना उभ्या आहेत त्या घ्या: घनता, अन्नजाळे, कार्बनचा प्रवास. प्रवाळांच्या प्रकारांची नावे शेवटी आली तरी चालेल.

मसुदा झाला की त्या इयत्ता शिकवणाऱ्या तीन-चार शिक्षकांकडून तो पानोपान तपासून घ्या. ‘हे दुसऱ्या पाठात आहे’ अशी दुरुस्ती हमखास येते. पुस्तकाची आवृत्ती आणि वर्ष प्रत्येक नोंदीत टाका, म्हणजे नवी आवृत्ती आली की बदललेली पानेच पुन्हा वाचावी लागतील.