दिव्यांग मुलाच्या सोयी: सिव्हिलपासून शाळेच्या नोंदीपर्यंत

महाराष्ट्रात दिव्यांग मुलांच्या बऱ्याच सोयी आरोग्य आणि शिक्षण अशा दोन खात्यांत विभागल्या आहेत. सिव्हिलमधून (जिल्हा रुग्णालयातून) मिळालेला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा कागद शाळेत आपोआप पोहोचत नाही, तो पालकांनीच नेऊन द्यावा लागतो. लाभ अडतात ते बहुधा इथेच.

मूल लहान असेल आणि बोलणं-चालणं लांबत असेल, तर प्रमाणपत्राची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या 'डीईआयसी' केंद्रात, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात, जा. वाचा-उपचार आणि फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी उपयोगी पडते. कागद मागून येऊ द्या.

प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) यांसाठी केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन कार्ड' पोर्टलवर अर्ज भरा. मुलाचं आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे अर्जाआधीच पाहा. एका वेलांटीच्या फरकानेही पुढे काम अडू शकतं. रुग्णालय निवडण्याआधी तिथे चौकशी करा. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी मानसशास्त्रज्ञ आणि लहान मुलाच्या श्रवणदोषासाठी बेरा (मेंदूच्या प्रतिसादावरून ऐकू येणं मोजणारी) तपासणी लागते. ती सोय तिथे नसेल तर हेलपाटा ठरलेलाच. तपासणीचं वैद्यकीय बोर्ड कोणत्या वारी बसतं तेही विचारून घ्या आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत लिहून ठेवा.

बहुतेक योजनांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. 2016 च्या कायद्यानुसार अशा मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

कार्ड हातात पडलं की त्याची झेरॉक्स मुख्याध्यापकांना द्या आणि यू-डायसमध्ये (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिव्यांग म्हणून नोंद झाली का, हे समोर बसून पाहा. ही एक पायरी अजिबात सोडू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता, मुलींचा प्रोत्साहनभत्ता आणि साहित्यसाधनं याच नोंदीवरून ठरतात. नोंद नसेल तर शाळेच्या दृष्टीने ते मूल दिव्यांग नसतंच. नोंद झाली की गट साधन केंद्रात (शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्रात) जाऊन विशेष शिक्षकांना भेटा. मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर गृहाधारित शिक्षणही तिथूनच मिळतं. मागणी तोंडी नको. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्यामुळे परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच मुख्याध्यापकांशी बोला, हॉल तिकीट आल्यावर नव्हे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा काढा. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण असून थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत मिळतो. पावत्या जपून ठेवा आणि नूतनीकरण चुकवू नका. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले 5 टक्केही दिव्यांगांसाठी असतात. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) वेगळा अर्ज करावा लागतो.