नागीण झाली की औषधाच्या बाबतीत या चुका टाळा

अंगाच्या एकाच बाजूला, पाठीपासून छातीकडे किंवा कमरेपासून पोटाकडे आग होते. कपडा लागला तरी सहन होत नाही, पण दिसत काहीच नाही. उसण भरली असेल म्हणून बाम चोळला जातो. दोन-चार दिवसांनी तिथे पाणी भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके उठतात आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘‘अगं बाई, ही नागीण!’’ फोड दिसले त्या क्षणापासून ७२ तास मोजायचे. डॉक्टरांचं औषध शक्यतो त्याच्या आत सुरू व्हायला हवं.

नेमके हेच तास आपल्याकडे वाया जातात. गेरूचा लेप लावायचा, नागीण उतरवणाऱ्याकडे जायचं, मग बघू. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, त्यामुळे श्रेय मंत्राला मिळतं. मागे राहिलेला ठणका मात्र महिनोन्‌महिने रोग्यालाच भोगावा लागतो. तोंडाला शेपूट मिळालं की माणूस दगावतो, ही भीतीही सोडा. नागीण बहुधा एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. ती दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरली, तर प्रतिकारशक्ती फार घटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं.

घाई का, हे औषधाच्या कामावरून कळतं. हा कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींत दडून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की डोकं वर काढतो. नागिणीवर दिलं जाणारं औषध, ॲसायक्लोव्हिर, त्याला थेट मारत नाही. विषाणू ज्या पेशीत शिरलाय, तिथे त्याचंच एक विकर (एन्झाइम) या औषधाला जागं करतं. मग ते विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत खोट्या कडीसारखं बसतं आणि पुढची कडी जोडलीच जात नाही. निरोगी पेशीत ते विकर नसतं, म्हणून तिथे औषध जवळजवळ गप्प राहतं. किती सुंदर युक्ती आहे ही! ज्यांच्या चमूने हे औषध घडवलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण साखळी थांबते ती नवी. आधीच तयार झालेले विषाणू आणि दुखावलेला मज्जातंतू यांवर या गोळीचा इलाज नाही. तरीही तीन दिवस उलटले म्हणून घरी बसू नका. नवे फोड येत असतील तर डॉक्टर औषध देतात.

दुसरी मोठी चूक मात्रेची. प्रौढांना नेहमी दिली जाणारी ॲसायक्लोव्हिरची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. औषध शरीरातून लवकर निघून जातं म्हणून इतक्या वेळा. सकाळ-संध्याकाळची सवय असलेल्या घरात दुपारच्या गोळ्या हमखास चुकतात. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे गजर लावा. पाच वेळा जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. त्याच जातीचं व्हॅलासायक्लोव्हिर तीनदा घेऊन भागतं. ओठावरच्या फोडांसाठी आणलेल्या उरलेल्या गोळ्या इथे चालवू नका, त्यांची मात्रा बरीच कमी असते. नुसतं मलम लावूनही नागीण आटोक्यात येत नाही. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही. फोडांत पू झाला तरच त्याचा विचार होतो.

नागीण झालेल्या माणसाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा तो वयस्कर असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. पाणी भरपूर प्यायचं. ज्यांना पाण्याचं बंधन आहे त्यांनी विचारून. गोळ्या सुरू असताना आजोबा बरळू लागले, त्यांना भास होऊ लागले, तर ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून थांबू नका. ते औषध साचल्याचं किंवा मेंदूला संसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा; दृष्टी जाऊ शकते. कानात फोड आणि तोंड वाकडं झालेलं दिसलं तरी तेवढीच घाई.

फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवा. त्यातल्या पाण्यामुळे, कांजिण्या न झालेल्या बाळाला किंवा गरोदर बाईला कांजिण्या होऊ शकतात.

कोर्स संपला, कातडी स्वच्छ झाली, तरी आग थांबली नाही तर पुन्हा त्याच गोळ्या आणू नका. तो दुखावलेल्या मज्जातंतूचा ठणका असतो आणि त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिन अशी वेगळी औषधं आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची लसही भारतात मिळते, दोन डोसांची. ती कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून घ्या.