एमडीसीचं झाकण उघडण्याआधी

उद्या सकाळी एमडीसी हे सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवणारा द्रव) हाताळायचं असेल तर तयारी आज संध्याकाळीच सुरू करा. सकाळी ड्रमपाशी उभं राहिल्यावर सुचलेल्या गोष्टी बहुतेक वेळा उशिरा सुचलेल्या असतात.

डायक्लोरोमिथेन, मिथिलीन क्लोराइड आणि मिथिलीन डायक्लोराइड या तिन्ही नावांचा पदार्थ एकच. कामावर सगळे एमडीसी म्हणतात. बाटलीवर, माहितीपत्रकावर किंवा रंग काढायच्या डब्यावर यांपैकी कुठलंही नाव असू शकतं, म्हणून पहिलं काम लेबल वाचण्याचं. नावाचा गोंधळ वाटला तर कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक पाहा, तो ७५-०९-२ असतो. सोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तोंडी सांगा. ‘मिथिलीन’ हे अर्धवट नाव ऐकून मिथेनॉल समजणारी माणसं मी पाहिली आहेत.

टोल्युइन आणि ॲसिटोन या नेहमीच्या सॉल्व्हंटसोबत काम करून हाताला सवयी लागतात. त्यांतल्या चार सवयी एमडीसीसमोर कुचकामी ठरतात: वास आला की बाजूला होणं, निळे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे, वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क, आणि पेट घेत नाही म्हणजे धोका कमी हा समज. ही यादी मुख्यतः त्या चार सवयींसाठी आहे.

पण त्याही आधी स्वतःला आणि साहेबांना एक प्रश्न विचारा. हे काम एमडीसीशिवाय होणार नाही का? मिश्रणातले पदार्थ वेगळे करायच्या कॉलमसाठी इथाइल ॲसिटेट आणि इथेनॉलचं मिश्रण अनेकदा चालून जातं. एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे पाण्यातला पदार्थ सॉल्व्हंटमध्ये ओढून घ्यायला, इथाइल ॲसिटेट किंवा टू-मिथाइल टीएचएफ हे सॉल्व्हंट वापरून पाहता येतं. रंग काढायला बेन्झाइल अल्कोहोलवर आधारलेली द्रावणं मिळतात. ती सावकाश काम करतात, रात्रभर ठेवावी लागतात. माझ्या मते ती रात्र द्यावी. या पर्यायांचेही आपापले धोके आहेत, इथाइल ॲसिटेट तर सहज पेट घेतं, पण त्यांना सांभाळायच्या पद्धती आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात.

पर्याय नाहीच असं ठरलं, तर खोलीचा हिशेब करा, कागदावर. एमडीसी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा जेमतेम तीन अंश वर. उघड्या भांड्यातून ते भराभर उडतं. एक लिटर एमडीसी पूर्ण उडालं की त्याची साधारण ३७५ लिटर वाफ होते. आता एक लहानशी बंद खोली घ्या, ३० घनमीटरची. तिथे फक्त १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे सांडले आणि सगळं उडून हवेत मिसळलं, तर हवेत १२५ पीपीएम (दहा लाख भागांत १२५ भाग) होतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेने १९९७ मध्ये घालून दिलेली १५ मिनिटांची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच आहे. आठ तासांच्या सरासरीची तिची मर्यादा २५ पीपीएम. २०२४ मध्ये तिथल्याच ईपीए या पर्यावरण संस्थेने बहुतेक वापरांवर बंदी आणली, आणि ज्या थोड्या कामांना मुभा ठेवली त्यांच्यासाठी ही मर्यादा २ पीपीएमवर आणली. त्याच खोलीत एक लिटर सांडलं तर आकडा १२,००० पीपीएमच्या वर जातो, आणि २,३०० पीपीएमलाच ती हवा जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. हा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. मग खिडकी उघडली आहे एवढ्यावर समाधान मानवत नाही.

म्हणून जागा आधी ठरवा. प्रयोगशाळेत असाल तर फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढून नेणारं काचेच्या दाराचं कपाट) चालू करून काचेच्या कडेला कागदाची पट्टी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. हूडमध्ये जुन्या बाटल्यांची गर्दी असेल तर ती आजच हलवा, कारण त्या हवेचा मार्ग अडवतात. मोठ्या कामात एक्झॉस्टचं तोंड जिथे वाफ निघते तिथे, आणि खालच्या बाजूला हवं. एमडीसीची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असते. सांडल्यावर ती आधी जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, टाकीत, टाकीभोवतीच्या बांधाच्या (डाइकच्या) आत साठते. छताजवळचा पंखा तिथपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढताना किमान १३ कामगार दगावले. छोटी न्हाणीघरं, टबमध्ये ओतलेलं द्रावण, टबातच साठलेली वाफ आणि तिच्यावर वाकून खरवडणारा एकटा माणूस. वाकून करायचं काम, खोलगट भांडं आणि एकटेपणा या तीन गोष्टी तुमच्या कामात एकत्र येत असतील तर कामाची आखणी बदला, आणि टाकीत उतरायचं असेल तर परमिट, हवेची तपासणी आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय उतरू नका.

आता वास. एमडीसीचा वास गोडसर असतो, नाकाला त्रास देत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. बहुतेकांना तो जाणवू लागतो तोवर हवेतलं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. थोड्या वेळात नाक त्याला सरावतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. वाफ मात्र तिथेच असते. त्यामुळे ‘वास आला तर थांबू’ हे वाक्य यादीतून काढून टाका. त्याजागी मीटर किंवा कॉलरला लावायचा नमुना घेणारा बॅज लिहा. मीटर एमडीसीसाठी चालतो का तेही विचारून घ्या, कारण ज्वलनशील वायूंसाठीचा साधा गॅस डिटेक्टर इतकं कमी प्रमाण दाखवत नाही.

मोज्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत नायट्राइलचे पातळ मोजे घालून मी एमडीसीने भांडी धूत होतो. बोटाच्या टोकाला गार लागलं. मोजा फाटलाय का म्हणून पाहिलं तर कुठे भोक नव्हतं. मिनिटाभरात तिथे आग होऊ लागली. मोजा न फाटताच एमडीसी त्याच्यातून आत आलं होतं. पातळ नायट्राइलमधून ते एक-दोन मिनिटांत, कधी त्याआधीही, पार होतं. लेटेक्स तर आणखी निरुपयोगी. शिवाय उघड्या कातडीवर सांडलेलं एमडीसी उडून तरी जातं, मोज्याच्या आत अडकलेलं उडू शकत नाही आणि तिथेच भाजतं. अंगठी, घड्याळाचा पट्टा आणि बूट यांच्याखालीही असंच अडकतं, म्हणून अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं हेही यादीत हवं.

मग घालायचं काय? अनेक थरांचे, चंदेरी दिसणारे लॅमिनेटचे मोजे तासन्‌तास टिकतात. ते बोटांना ढगळ बसतात, पकड येत नाही, म्हणून त्यांच्यावर घट्ट नायट्राइलचा मोजा चढवायचा. पीव्हीए या प्लास्टिकचे मोजेही एमडीसीला उत्तम, पण पाण्यात विरघळतात, त्यामुळे ओल्या कामात किंवा घामट हातांना ते नकोत. कुठलाही मोजा घेताना बनवणाऱ्याच्या तक्त्यात एमडीसीसमोर किती मिनिटं लिहिली आहेत ते बघा आणि तो आकडा मोज्यांच्या खोक्यावर मार्करने लिहून ठेवा. क्षणभराच्या कामाला नायट्राइल वापरावाच लागला, तर दोन घाला, थेंब पडताच काढून फेका, हात धुवा, नवे घाला.

डोळ्यांना बंद कडांचा गॉगल आणि ओतताना त्यावर फेस शील्ड. भिंगं पॉलिकार्बोनेटची असतील तर शिंतोड्याने धुरकट होतात, म्हणून एक जोडी जास्तीची ठेवा.

मास्कची गोष्ट मोज्यांसारखीच. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्बनचं कार्ट्रिज एमडीसीला फार थोडा वेळ धरतं, आणि ते भरून वाफ पलीकडे येऊ लागली तरी वास न आल्यामुळे तुम्हाला कळत नाही. ओशाच्या नियमानुसार एमडीसीसाठी श्वसनाचं संरक्षण हवं असेल तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारंच साधन लागतं. ते नसेल तर काम हूडमध्ये किंवा बंद यंत्रणेतच करायचं. कार्ट्रिज आहे या भरवशावर काम पुढे रेटू नका.

राहिली आग. नेहमीच्या चाचण्यांत एमडीसीचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते ते तापमान) सापडत नाही, म्हणून अनेकजण त्याला न जळणारं समजतात. वाफेचं प्रमाण हवेत साधारण १३ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान असेल आणि ठिणगी जोरदार असेल तर ते पेटू शकतं, आणि त्यात मिथेनॉलसारखं काही मिसळलं असेल तर आणखी सहज पेटतं. यापेक्षाही मला तापलेल्या धातूची भीती वाटते. ज्वाळेत, वेल्डिंगच्या ठिकाणी किंवा लालभडक हीटरवर ही वाफ गेली की तिच्यापासून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे विषारी वायू तयार होतात. म्हणून शेजारच्या कामाच्या जागेत (बेमध्ये) उद्या वेल्डिंगचं परमिट निघालं आहे का, हे आजच विचारून घ्या.

सोबत काय ठेवायचं नाही हेही ठरवा. सोडियमसारखे धातू, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची पूड, तीव्र नायट्रिक आम्ल दूर. सोडियम अझाइड वापरलेल्या मिश्रणातून एमडीसीने एक्स्ट्रॅक्शन तर मुळीच करू नका, त्यातून स्फोट होणारं डायअझाइडोमिथेन तयार होतं. पॉलिस्टायरीनचे ग्लास, ॲक्रिलिकची भांडी, साध्या रबराच्या नळ्या विरघळतात किंवा फुगतात. गॅस्केट आणि नळ्यांसाठी टेफ्लॉन घ्या.

ओतण्याच्या दिवशी ड्रम उन्हात उभा राहिला नसेल याची खात्री करा. तापलेल्या ड्रममध्ये दाब साठतो. छोटा बंग (ड्रमचं फिरकीचं बूच) आधी पाव फेरी सैल करा, चेहरा बाजूला ठेवा, सुसकारा थांबू द्या, मगच पुढे फिरवा. हवेचा दाब देऊन ड्रम रिकामा करू नका, पंप लावा. पिपेट वापरत असाल तर ती एकदोनदा भरून रिकामी करा, नाहीतर वाफेच्या दाबाने आपसूक टपकत राहते. सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली कॉक असलेल्या, न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या भांड्यात) बायकार्बोनेटने धुताना आधी उघड्यावरच ढवळून वायू जाऊ द्या, मग बूच लावून एकदा हलकेच उलटा करून कॉक उघडा, तोंड हूडच्या आतल्या भिंतीकडे. रोटाव्हॅपला (सॉल्व्हंट उडवून परत गोळा करणाऱ्या यंत्राला) थंडावा पुरेसा आहे ना, आणि पंपाचा एक्झॉस्ट खोलीत नव्हे तर हूडमध्ये सुटतो ना, तेही बघा.

सांडण्याची तयारी सांडण्याआधी. वर्मिक्युलाइट किंवा चिकणमातीचा शोषक, प्लास्टिकचं नव्हे तर धातूचं फावडं, झाकणाचा धातूचा डबा, सगळं हाताशी हवं. आणि ठरलेला आकडा हवा: किती सांडलं तर आपण पुसायचं आणि किती सांडलं तर सगळ्यांनी बाहेर पडायचं. हूडबाहेर बाटली फुटली तर बाहेर पडा, दार ओढून घ्या. गटारात एक थेंबही नको. एमडीसी पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं, जमिनीत मुरलं तर भूजलाच्या खालपर्यंत उतरतं, आणि पीव्हीसीचे पाइपही नासवतं. कचऱ्याचा डबा वेगळा, क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असं लिहिलेला, काठोकाठ न भरलेला.

कोणी कोसळलेलं दिसलं तर काय करायचं, हे आधीच बोलून ठेवा. मन धावत जायला सांगतं. हवा पुरवणाऱ्या साधनाशिवाय आत गेलेला माणूस त्याच्या शेजारीच पडतो. आरडाओरडा करा, एक्झॉस्ट चालू करा, दार उघडा, साधन घातलेल्यालाच आत पाठवा. बाहेर काढल्यावर मोकळी हवा आणि ऑक्सिजन, भिजलेले कपडे उतरवणं, डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं पाणी, कातडीला साबण आणि पाणी. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका.

शेवटी कामानंतरचे तास, जे यादीत कोणी लिहीत नाही. शरीर एमडीसीचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतं. हे १९७२ मध्ये समोर आलं. एमडीसी चरबीत साठतं आणि सावकाश बाहेर येतं, त्यामुळे माणूस मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड कित्येक तास वाढत राहू शकतो. हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेल्यांनी, गरोदर बायकांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात तो वायू आधीच थोडा असतो, त्यांनीही हे लक्षात घ्यावं.

वाफ जास्त लागल्याची शंका असेल तर त्या संध्याकाळी धावणं, जड उचलणं टाळा आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, छातीत धडधड यांपैकी काही सुरू झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा, सोबत लेबलचा फोटो न्या. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत फरक करत नाही, तो ९८ दाखवत राहील. डॉक्टरांना पदार्थाचं नाव सांगा, कितीच्या सुमारास संपर्क आला ते सांगा, आणि रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची) तपासणी करायला सांगा, पहिली ठीक आली तरी काही तासांनी पुन्हा.