होडीतल्या गाद्या भोकं न पाडता बसवताय? या चुका टाळा

भुसावळात सीट-कव्हरचं दुकान म्हटलं की मोटारसायकल, ट्रॅक्टर, फार तर काळीपिवळी. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला माणसं यायला लागली तशा होड्यांच्या गाद्याही आमच्या मशीनवर यायला लागल्या. दुरुस्तीला येणाऱ्या गाद्यांमध्ये फाटलेल्या कमी असतात. वाऱ्याने उडालेल्या, घसरून खरचटलेल्या, खालून गोंदाने बरबटलेल्याच जास्त. चुका दर वेळी त्याच, आणि बहुतेक घाईतून झालेल्या.

आधी भोकांचं सांगतो. फायबरच्या होडीची बैठक हाताला टणक लागते, पण पुष्कळ होड्यांमध्ये फायबरच्या दोन थरांत प्लायवूड किंवा हलकं लाकूड असतं. तिथे स्क्रू मारला की पाण्याला आत जायची वाट मिळते. मग लाकूड आतल्या आत कुजतं, पाय दिला की बैठक दबते आणि तोच स्क्रू एक दिवस बोटांनी निघून येतो. ‘एकच भोक पाडतो, वरून सिलिकॉन भरतो’ हे तर मी ऐकूनच घेत नाही. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी दुसरं काही धड चिकटत नाही. खरवडलं तरी डोळ्यांना न दिसणारा थर उरतो.

आता माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक: वेल्क्रो आणला, पाठचा कागद सोलला, लावला आणि होडी पाण्यात.

महाशिवरात्रीला चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, यात्रा भरते. एका वर्षी यात्रेच्या आदल्या संध्याकाळी एक होडीवाला नव्या कोऱ्या फायबरच्या होडीच्या गाद्या घ्यायला आला. चिकटवायची वेल्क्रोपट्टी त्याने आधीच विकत आणली होती. मी म्हटलं, आज लावून उद्या माणसं बसवू नका, गोंद धरायला वेळ द्या. तो म्हणाला, “भाऊ, यात्रा काय माझ्यासाठी थांबणार आहे का?” रात्री बॅटरीच्या उजेडात त्याने सगळ्या पट्ट्या लावल्या. सकाळी पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत, ऊन चढल्यावर, समोरून वारा आला आणि पुढची गादी कडेने उचलली गेली. ती धरायला शेजारचे तिघे एकदम एका बाजूला झुकले. होडी कलली, पाणी आत आलं, बायामाणसं ओरडली. नावाड्याने लगेच इंजिन बंद करून सगळ्यांना खाली बसवलं म्हणून निभावलं. गादी वाहून गेली ती गेलीच. पण गादीचे पैसे हे त्या दिवशीचं सगळ्यात छोटं नुकसान ठरलं असतं, हे त्यालाही कळलं.

चुकलं काय? नवं फायबर साच्यातून सुटावं म्हणून साच्याला मेण लावतात, ते होडीच्या अंगावर राहतं. जुन्या होडीवर पॉलिश, डिझेल आणि हाताचं तेल असतं. गोंद त्या मेणाला आणि तेलाला चिकटतो, होडीला नाही. म्हणून मी आधी साबणाच्या पाण्याने धुतो, वाळवतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचलायचं. एकाच फडक्याने तेल नुसतं पसरतं. मग पाणी शिंपडून बघायचं. थेंब मोत्यासारखे गोळा झाले तर मेण अजून आहे, पुन्हा पुसा. पाणी सपाट पसरलं तर जागा तयार.

आणि हे काम भर दुपारी नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या फायबरवर अल्कोहोल तेल सोडवायच्या आतच उडून जातं. पहाटे, सावलीत लावा आणि पट्टी अंगठ्याने जोर देऊन इंचाइंचाने दाबत जा. हा गोंद पूर्ण ताकदीला यायला साधारण ७२ तास लागतात. तोवर पट्टी एकटी राहू द्या. वर गादी दाबून ‘बघूया धरतंय का’ म्हणून ओढू नका. लोक नेमकं हेच करतात, आणि मग म्हणतात वेल्क्रो भिकार. पट्टी घेताना ॲक्रिलिक गोंदाचीच मागा. रबरी गोंदाची स्वस्त पट्टी आपल्या उन्हात मऊ पडून सरकते. पंक्चरचं सोल्युशन तर नावही काढू नका.

गादीकडची पट्टी मात्र चिकटवूच नये. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि गोंदाचा चिकटा करतं. ती पट्टी शिवूनच घ्यायची, फोम भरायच्या आधी, पॉलिस्टर दोऱ्याने. सुती दोरा उन्हा-पाण्यात कुजतो. मी काटेरी बाजू गादीला आणि मऊ बाजू होडीला देतो, कारण गादी काढल्यावर तिथे उघडे पाय आणि हात लागतात.

वेल्क्रो सरळ ओढीला दणकट असतो, सोलायला घेतलं की सहज सुटतो. वारा गादी कडेपासून सोलतो. म्हणून पट्टी मधोमध नको, चारही कडांना हवी, आणि पुढच्या कडेला सलग.

दुसरी चूक मोठी आहे, कारण ती ‘पक्कं काम’ म्हणून केली जाते. बैठकीखालच्या पेटीत लाइफ जॅकेट ठेवलेली असतात आणि वरची गादी झाकण व चौकट दोन्हींना मिळून जखडलेली असते. अशा होड्या मी पाहिल्या आहेत: दोरीच्या गाठी आवळलेल्या, ओल्या, नखांनी सुटेनात. जॅकेट हवं असेल तेव्हा गाठी सोडवत बसणार का? गादी फक्त झाकणाला बांधा, म्हणजे झाकणासोबत ती उघडेल. मी मागच्या कडेला चार बोटं रुंद कापडी झालर शिवतो. ती झाकणाच्या कडेवरून आत वळवून खाली वेल्क्रोने धरायची. भोक नाही, गाठ नाही. आणि जॅकेटं चढताना अंगावरच असावीत, हे तर आहेच.

धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या फुगवट्यात होडी म्हणजे गावाची गाडी. सकाळी माणसं, दुपारी पोती, अडीनडीला पेशंट. तिथे गादी एका हाताने निघाली पाहिजे, म्हणून मी पट्टे देतो.

लाकडी होडीत फळीची बैठक असेल तर चिकटवायची गरजच नाही. नायलॉनची निवार फळीभोवती फिरवा, दप्तराला असतं तसं बक्कल लावा. एका गादीला दोन पट्टे. एकच लावला तर गादी त्याच्याभोवती फिरते. सुती निवार नको, ओली-कोरडी होऊन सैल पडते. कापलेलं टोक लायटरने वितळवून घ्या. उरलेलं टोक लोंबत ठेवू नका, चढणाऱ्याचा पाय अडकतो.

रबरी जाळीची मॅट गादी घसरू देत नाही, पण उडण्यापासून वाचवत नाही.

सक्शन कप आणूच नका.

सोफ्याचा फोम पाणी पितो, गादी जड होते, कुबट वास येतो. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, फोम परवडत नसेल तर निदान खालची बाजू जाळीच्या कापडाची करून घ्या.

यातलं काहीही केलं तरी प्रत्येक गादीच्या मागच्या कोपऱ्याला एक आखूड दोरी शिवून ती आतल्या कडीला अडकवायची. गादी सुटली तर होडीतच राहते, आणि तिच्यासाठी कुणाला काठावरून वाकावं लागत नाही.