ओव्हन स्वतःच साफ होतो म्हणे? मग या चुका टाळा

आमच्याकडे रोडगे गोवऱ्यांवरच भाजायचे. राख झटकली, फडक्यानं पुसला, तुपात बुडवला की झालं. पावसाळ्यात मात्र गोवऱ्या ओल्या, म्हणून नवं घर बांधताना भिंतीतला ओव्हन घेतला, तोही 'सेल्फ-क्लीनिंग'.

पहिली चूक या नावातच होते. असे ओव्हन तीन तऱ्हेचे असतात. पायरोलिटिक आतून ४८० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि सांडलेलं सगळं जळून चिमूटभर राख उरते. कॅटॅलिटिकच्या आतल्या पत्र्यांना खरखरीत लेप असतो. साधारण २०० अंशांच्या पुढे तो उडालेलं तेल-तूप हळूहळू जाळतो. तिसरा वाफेवाला: मळ नुसता सैल होतो, पुसायचं आपणच. टेबलावरचा ओटीजी, म्हणजे सुटा छोटा ओव्हन, यांतला कोणताच नाही. तो रिकामाच तापवला तर तूप करपून आणखी घट्ट बसतं.

माझा पायरोलिटिक. पहिल्या वेळी तळाशी रोडग्यांचं तूप साचलेलं होतं, म्हटलं जळून जाईल. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले, माजघरापर्यंत धूर. साचलेलं तूप आधी पुसूनच घ्यायचं असतं, नाहीतर आत पेटही घेतं. जाळ्याही आतच राहिल्या होत्या. चकचकीत क्रोम काळपट-निळं पडलं आणि जाळ्या सरकवताना करकर वाजू लागल्या. आता कडांना तेलाचं बोट फिरवते. तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची हुशारीही नको, ती आतल्या इनॅमलच्या गुळगुळीत लेपाला चिकटून बसते.

त्यात लाइन गेली. दार कुलूपबंद! "काहून उघडून नाही राहिलं वो हे?" म्हणत मोठ्या जाऊबाई सांडशी घेऊनच आल्या. मी ओढू दिलं नाही. आत कडक तापलेलं असताना कुलूप सुटत नाही, जोर लावला तर आकडा वाकतो. लाइन आली, ओव्हन निवला, मग ते आपसूक सुटलं. सफाईला दीड ते तीन तास लागतात, त्यामुळे आता लोडशेडिंगची वेळ बघूनच बटण दाबते, तेही रात्री. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना दुपारी कोण भट्टी लावणार? एक्स्टेंशन बोर्डावर तर नाहीच. वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) हवा.

खिडक्या उघड्या ठेवा. लव्हबर्ड असतील तर पिंजरा अंगणातल्या कडुनिंबाला टांगा, हा धूर पाखरांच्या जिवावर बेततो.

कॅटॅलिटिकवाल्यांनी पत्र्यांना घासणी-साबण लावू नये, लेपाची छिद्रं बुजतात. सांडलेलं दूध-साखर तो जाळत नाही. वाफेच्या ओव्हनमध्ये बोअरचं जड पाणी घातलं की पांढरा थर धरतो, आरओचं घाला.

सफाईनंतर ओव्हन सुरूच होत नाही? आधी घड्याळ बघा. लाइन जाऊन आल्यावर आकडे लुकलुकत असतील, तर वेळ लावल्याशिवाय बरेच ओव्हन तापत नाहीत. तरीही नाही झाला तर थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त उष्णता झाली की वीज तोडणारा फ्यूज, उडालेला असू शकतो. तो बदलूनच घ्या. "फ्यूज काढून डायरेक्ट करून देतो" म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजा आणि परत पाठवा.